एका खर्वाचा एकच पूर्वज

एक मिलिमीटर लांब, एक मिलिमीटर रुंद आणि एक मिलिमीटर उंच. एवढ्या जागेत निरोगी माणसाच्या रक्तातल्या सुमारे ५० लाख तांबड्या पेशी बसतात. शिवाय दीड ते चार लाख प्लेटलेट आणि चार ते अकरा हजार पांढऱ्या पेशी. सीबीसी या रक्ततपासणीच्या रिपोर्टवर छापलेले आकडे असतात ते एवढ्याशा जागेचे, म्हणजे एका मायक्रोलिटरचे. प्रौढ माणसाच्या अंगात पाच लिटर रक्त धरलं तर असे ५० लाख मायक्रोलिटर होतात. गुणाकार केला की तांबड्या पेशी निघतात २५ लाख कोटी.

'लाख कोटी' म्हणायची पाळी आली की समजावं, आपली रोजची गणना थकली. भास्कराचार्यांची थकत नव्हती. ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त त्यांनी एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं दिली आहेत. कोटीवर सात शून्यं. मग पायरीगणिक एकेक शून्य वाढवत अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि शेवटी परार्ध. बाराव्या शतकातल्या कुठल्याही व्यापाऱ्याला वा जमाखर्च लिहिणाऱ्याला इतकी शून्यं लागली नसतील. रक्ताचा हिशेब मांडायला मात्र ती नेमकी पुरतात. तांबड्या पेशी अडीच शंकू. शरीरातल्या सगळ्या रोगप्रतिकारक पेशी, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार, १.८ महापद्म, आणि त्यांचं एकूण वजन १.२ किलो. त्यांतल्या टी-पेशी सुमारे चार निखर्व. जंतूंवर सर्वांत आधी तुटून पडणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी अस्थिमज्जा दररोज सुमारे एक निखर्व तयार करते, कारण रक्तात त्यांचं आयुष्य काही तासांचंच असतं.

या शिडीवर खर्वाच्या पायरीपाशी थांबायचं आहे. एकावर दहा शून्यं, म्हणजे हजार कोटी. प्रौढ टी-पेशींच्या एका दुर्मिळ, संथ ल्युकेमियाचा हिशेब या पायरीच्या आसपास चालतो. कर्करोगाच्या हजार कोटी पेशी रक्तात फिरत असतात, आणि तरीही रिपोर्टवर नजर टाकणाऱ्याला त्यात वावगं काही दिसत नाही. हा ल्युकेमिया ओळखण्यासाठी मोठा आकडा शोधून भागत नाही. आकड्याच्या आत किती विविधता उरली आहे, ते मोजावं लागतं.

दोन हजार

या आजाराचं नाव लार्ज ग्रॅन्युलर लिम्फोसाइटिक ल्युकेमिया. डॉक्टर मंडळी बोलताना नुसतं 'एलजीएल' म्हणतात. त्याचा सर्वाधिक आढळणारा प्रकार टी-पेशींचा, म्हणून टी-एलजीएल. अशा रुग्णांचं वर्णन १९७७ मध्ये प्रसिद्ध झालं होतं. पण हा खरोखरच ल्युकेमिया आहे, एका पेशीच्या वंशजांची बेसुमार वाढ आहे, हे १९८५ मध्ये अमेरिकेतल्या थॉमस लॉफरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुणसूत्रांमधल्या बिघाडाच्या आधारे मांडलं.

लिम्फोसाइट म्हणजे टी-पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशी. मोठ्या, दाणेदार लिम्फोसाइट मुळात आपल्या सगळ्यांच्या रक्तात असतात. त्यांतले दाणे परफोरिन आणि ग्रँझाइम या प्रथिनांचे. विषाणूने पछाडलेल्या पेशीला भोक पाडायचं आणि आतून संपवायचं, हे त्यांचं काम. निरोगी माणसात त्या दर मायक्रोलिटरला २०० ते ४०० असतात. निदानाची पूर्वीची रेघ होती २,०००, आणि तीही सहा महिन्यांहून अधिक काळ टिकलेली. दोन हजार गुणिले ५० लाख मायक्रोलिटर म्हणजे बरोबर एक खर्व. वजन करायचं तर साधारण पाचशे कोटी लिम्फोसाइट मिळून एक ग्रॅम भरतात. म्हणजे रक्तातला हा सगळा ल्युकेमिया दोन ग्रॅमच्या आसपास.

ल्युकेमिया म्हटल्यावर जी भीती मनात येते, तिच्या मानाने हा आकडा किरकोळ आहे. प्रौढ टी-पेशींचाच दुसरा एक दुर्मिळ ल्युकेमिया आहे, टी-प्रोलिंफोसाइटिक. त्यात पांढऱ्या पेशी मायक्रोलिटरला एक लाखाच्या वर जाणं नेहमीचं. तिथे यंत्रच ओरडून सांगतं. टी-एलजीएलमध्ये मात्र पांढऱ्या पेशींची एकूण संख्या पुष्कळदा सात-आठ हजार, अगदी मर्यादेत. कधी तर ती कमी भरते, कारण दाणेदार पेशी वाढत असताना न्यूट्रोफिल घटत असतात. एक वाढली, दुसरी घटली, बेरीज जागच्या जागी. निम्म्याहून अधिक रुग्णांत न्यूट्रोफिल कमी असतात, आणि काहींत तर ५०० च्या खाली. त्या पातळीला तोंडातले व्रण, ताप, न्यूमोनिया वारंवार येऊ लागतात.

पुढे लक्षात आलं की दोन हजारांच्या कितीतरी खालीही काही जण या आजाराने बेजार असतात. म्हणून रेघ खाली आली: पेशी एकाच वंशाच्या असल्याचं सिद्ध झालं आणि आजाराची लक्षणं असली, तर ५०० सुद्धा पुरेत. इथे अंकगणित अवघड वळण घेतं. निरोगी माणसात दर मायक्रोलिटरला २५० दाणेदार पेशी धरल्या तर अंगात त्या १२५ कोटी होतात. २०११ च्या जनगणनेत भारताची लोकसंख्या १२१ कोटी होती, जवळपास तेवढीच. पाचशेवाल्या रुग्णात त्या २५० कोटी. फरक अवघ्या दुपटीचा. साधा विषाणूसंसर्गसुद्धा चार-आठ दिवसांत एवढी दुप्पट करून दाखवतो. मग एकाला निरोगी आणि दुसऱ्याला ल्युकेमिया कशाच्या जोरावर म्हणायचं? निरोगी माणसाच्या १२५ कोटींत हरतऱ्हेच्या कुळांतल्या पेशी असतात. रुग्णाच्या २५० कोटींतल्या बहुतेक एकाच मूळ पेशीच्या पोटच्या असतात.

एक अंत्य

पण पेशीचं कूळ ओळखायचं कसं? भिंगातून सगळ्या सारख्याच दिसतात. त्याचं उत्तर टी-पेशीच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरमध्ये आहे. प्रत्येक टी-पेशी छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत घडत असताना स्वतःचा डीएनए कापून पुन्हा जोडते. अशी काटछाट प्रतिपिंडांच्या जनुकांत होते हे सुसुमु तोनेगावा यांनी दाखवलं आणि १९८७ चं नोबेल पारितोषिक मिळवलं. टी-पेशींच्या रिसेप्टरची जनुकं १९८४ मध्ये हाती आली.

रिसेप्टरला बहुतेक वेळा दोन साखळ्या असतात, अल्फा आणि बीटा. बीटा साखळीसाठी सातव्या गुणसूत्रावर पहिल्या तुकड्याचे ४८ च्या आसपास काम करणारे पर्याय आहेत, दुसऱ्याचे दोन आणि तिसऱ्याचे तेरा. त्यांच्या जोडण्या हजार-बाराशे. अल्फासाठी एका तुकड्याचे सुमारे ४५ आणि दुसऱ्याचे सुमारे ५० पर्याय, म्हणजे सव्वादोन हजार जोडण्या. दोन्हींचा गुणाकार पंचवीस लाखांच्या घरात. इथपर्यंत आकडा आपल्या आवाक्यात असतो.

खरी उधळण होते ती सांध्यांवर. दोन तुकडे जोडताना एक विकर मध्ये मनाला येईल ती अक्षरं भरतं. डीएनएची अक्षरं चार; एका जागी चार पर्याय, दोन जागी सोळा, दहा जागी १०,४८,५७६. शिवाय तुकड्यांची टोकं कुरतडली जातात ती वेगळीच. सगळं धरून शक्य रिसेप्टरांचा जो अंदाज वर्षानुवर्षं सांगितला जातो, तो एकावर पंधरा शून्यांचा, भास्कराचार्यांच्या भाषेत एक अंत्य. नंतरचे अंदाज तर त्याच्याही पुढे गेले. पण अंत्यच धरलं, आणि प्रत्येक प्रकाराची फक्त एक पेशी बाळगायची म्हटली, तरी नुसत्या टी-पेशींचं वजन दोनशे किलो होईल. शरीराला ते परवडत नाही. आपल्याजवळ एकूण टी-पेशी चार निखर्व, त्यांचं वजन शंभर ग्रॅमच्या आत. आणि त्यांच्यात किमान दहा कोटी वेगवेगळ्या बीटा साखळ्या असाव्यात असा २०१४ मधला एक अंदाज आहे.

शक्यता एक अंत्य असताना दोन परक्या पेशींनी अक्षर न् अक्षर सारखा रिसेप्टर योगायोगाने घडवणं जवळजवळ अशक्य. म्हणून दोन पेशींचे रिसेप्टर तंतोतंत जुळले, तर त्या एका आईच्या लेकी. आणि एका पेशीपासून खर्वापर्यंत पोचायला किती पिढ्या लागतात? एकाची दुप्पट, तिची दुप्पट असं करत तेहतिसाव्या पिढीला ८५९ कोटी होतात, चौतिसाव्या पिढीला १,७१८ कोटी. म्हणजे एकही पेशी मेली नाही, तर एक खर्व हे अंतर जेमतेम चौतीस पावलांचं.

प्रत्यक्षात पेशी मरतात, मरायलाच हव्यात. एखादा विषाणू शिरला की त्याला ओळखणाऱ्या मोजक्या टी-पेशी झपाट्याने वाढतात. उंदरांवरच्या प्रयोगांत आठवड्याभरात दहा हजार पटींहून अधिक वाढ दिसली आहे. काम झालं की त्यांतल्या बहुसंख्य पेशींना मरणाचा हुकूम मिळतो आणि त्या मुकाट्याने मरतात. टी-एलजीएलच्या पेशींच्या पृष्ठभागावर हा हुकूम ऐकणारं प्रथिन असतं, पण हुकूम पाळला जात नाही. बेफाम वाढण्यापेक्षा वेळेवर न मरणं हा या ल्युकेमियाचा दोष, आणि म्हणूनच त्याची चाल संथ.

शंभरातले दहा

निदानाची सुरुवात जांभळ्या झाकणाच्या नळीतून होते. नळीत दोन-तीन मिलिलिटर रक्त. वॉलेस कूल्टर यांनी १९५३ मध्ये पेटंट घेतलेल्या तत्त्वावर आजही कितीतरी यंत्रं चालतात: बारीक छिद्रातून एकेक पेशी जाऊ द्यायची आणि प्रत्येक पेशीगणिक विजेच्या प्रवाहात बसणारा धक्का मोजायचा. यंत्र काही सेकंदांत हजारो पेशी मोजून मोकळं होतं. पण दाणेदार लिम्फोसाइट त्याला वेगळी कळत नाही. ती सरळ 'लिम्फोसाइट'च्या रकान्यात जाते.

दाणे दिसतात ते माणसाला. रक्ताचा थेंब काचेवर पसरून, रंगवून, भिंगाखाली धरला की साध्या लिम्फोसाइटच्या दीडपट-दुप्पट मोठी, १५ ते १८ मायक्रॉनची पेशी आणि तिच्यातले लालसर-जांभळे दाणे नजरेत भरतात. पॅथॉलॉजिस्ट रिवाजाप्रमाणे शंभर पांढऱ्या पेशी मोजतात. अंगात सात हजारांच्या हिशेबाने पांढऱ्या पेशी ३,५०० कोटी. म्हणजे दर ३५ कोटींमागे एका पेशीची साक्ष काढली.

एवढ्याशा नमुन्यावर किती विसंबायचं, हे गणित सांगतं. समजा रक्तात दाणेदार पेशी खरोखरच दहा टक्के आहेत. शंभर पेशी मोजणाऱ्याला त्या कधी पाच दिसतील, कधी सोळा; शंभरपैकी पंचाण्णव वेळा उत्तर याच पट्ट्यात पडेल. सोमवारी पाच आणि गुरुवारी सोळा आल्या, तरी रक्तात काहीही बदललेलं नसू शकतं. हीच मोजणी एक लाख पेशींवर केली, तर पट्टा आक्रसून ९.८ ते १०.२ वर येतो. हजारपट पेशी मोजल्या की चूक साधारण बत्तिसाव्या हिश्शाची होते. एक लाख पेशी डोळ्यांनी मोजणं माणसाच्या हातचं नाही. तिथून पुढे फ्लो सायटोमीटर लागतो.

बावीस शून्यं

स्टॅनफर्डमध्ये लिओनार्ड हर्झेनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत १९६० च्या दशकाअखेरीस आकाराला आलेलं हे तंत्र. पेशींवर वेगवेगळ्या रंगांत चमकणारी प्रतिपिंडं चिकटवायची आणि एकेक पेशी लेझरच्या झोतासमोरून पळवायची. सेकंदाला हजारो पेशी जातात, आणि प्रत्येकीवर कुठला रंग चमकला याची नोंद होते. दहा प्रतिपिंडं वापरली आणि प्रत्येकाचं उत्तर नुसतं हो किंवा नाही धरलं, तरी पेशींचे १,०२४ वेगवेगळे चेहरे संभवतात. टी-एलजीएलचा ठरलेला चेहरा, पेशीच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांच्या नावांनी सांगायचा तर, असा: सीडी३ आहे, सीडी८ आहे, सीडी५७ आहे, बहुधा सीडी१६ही आहे, आणि निरोगी टी-पेशीवर ठळक असणारे सीडी५ व सीडी७ फिकट पडलेले.

पण चेहरा जुळला म्हणजे वंश जुळला असं नाही. त्यासाठी रिसेप्टरच पाहावा लागतो. बीटा साखळीच्या घराण्यांसाठी २४ प्रतिपिंडांचा संच मिळतो. निरोगी रक्तात प्रत्येक घराण्याचा वाटा एखाद्या टक्क्यापासून दहा टक्क्यांच्या आसपासपर्यंत. त्यातलंच एक साठ-सत्तर टक्के जागा अडवून बसलं, तर संशय पक्का. अडचण अशी की हे २४ मिळून साधारण सत्तर टक्केच घराणी ओळखतात. रुग्णाचा क्लोन, म्हणजे एकाच पेशीची सगळी प्रजा, उरलेल्या तीस टक्क्यांतला असला, तर चोवीसच्या चोवीस उत्तरं जवळजवळ कोरी येतात. अनुभवी डोळा त्या कोऱ्या कागदावरूनच ओळखतो: एवढ्या पेशी आहेत, आणि कुठल्याच नेहमीच्या घराण्यात बसत नाहीत, म्हणजे त्या सगळ्या कुठल्या तरी एकाच अनोळखी घराण्यातल्या असणार.

गेल्या काही वर्षांत एक सोपा उपाय हाताशी आला. बीटा साखळीच्या बुडाशी जो कायमचा भाग असतो, त्याची जनुकं दोन. प्रत्येक टी-पेशी त्यांपैकी एकच निवडते आणि तिच्या लेकी तीच निवड पुढे चालवतात. निरोगी माणसात साधारण चाळीस टक्के पेशींत पहिलं जनुक आणि साठ टक्क्यांत दुसरं. पहिल्याला ओळखणारं एकच प्रतिपिंड टाकायचं. मिश्र जमावात काही पेशी चमकतील, काही नाही. क्लोन असेल, तर एक तर सगळ्या चमकतील किंवा एकही नाही.

योगायोगाने असं घडण्याची शक्यता किती? कुठल्याही दहा पेशी उचलल्या आणि दहाही दुसऱ्या जनुकाच्या निघाल्या, असं हजारात सहा वेळा होईल. शंभर पेशी उचलल्या, तर ही शक्यता दशांश चिन्हापुढे बावीस शून्यं आणि मग ६५. फ्लो सायटोमीटर तर हजारो पेशी पाहतो. योगायोगाला इतक्या स्वस्तात इतकं ठाम नाकारणाऱ्या तपासण्या वैद्यकात फार थोड्या असतील. याच्या जोडीला रिसेप्टरच्या जनुकांची पीसीआर तपासणी असते. सांध्यांतली अक्षरं कमीजास्त असल्याने निरोगी रक्तात वेगवेगळ्या लांबीच्या तुकड्यांची टेकडी उमटते. क्लोनचा एकच सुळका उभा राहतो.

एवढं करूनही शंका उरली, तर बोन मॅरोचा तुकडा काढतात, दीड-दोन सेंटिमीटर लांब, सुईएवढा बारीक. तिथे आकडे अचानक बोटांवर मोजण्याइतके होतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या पॅथॉलॉजिस्टांनी २००२ मध्ये मांडलेल्या निकषात, मज्जेत सीडी८ असलेल्या किमान आठ पेशी एकत्र, किंवा ग्रँझाइम-बी असलेल्या किमान सहा पेशी एकत्र दिसायला हव्यात. खर्वाचा आजार, आणि पुरावा आठ पेशींचा. सुट्या आठ पेशी कुणाच्याही मज्जेत सापडतील. त्यांचं असं खेटून बसणं बोलकं असतं.

एक अक्षर

२०१२ मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या संशोधकांनी ७७ रुग्णांचा डीएनए वाचला. ३१ जणांत, म्हणजे चाळीस टक्क्यांत, स्टॅट३ नावाच्या एकाच जनुकात बिघाड सापडला. माणसाच्या प्रत्येक पेशीत डीएनएची सुमारे ६२० कोटी अक्षरं. स्टॅट३ प्रथिन ७७० अमिनो आम्लांचं. वारंवार आढळणाऱ्या बिघाडांपैकी एक आहे ६४० व्या जागी: टीएटी या तीन अक्षरांचं टीटीटी होतं, मधल्या 'ए'च्या जागी 'टी' येतो, आणि टायरोसिनच्या जागी फेनिलॲलानिन बसतं. या दोन अमिनो आम्लांत फरक फक्त एका ऑक्सिजनच्या अणूचा.

तो एक अणू गेल्याने स्टॅट३ च्या जोड्या घट्ट बसतात आणि 'जग, वाढ' हा संदेश बंदच होत नाही. जगण्याचा हुकूम सतत चालू राहिला की मरणाचा हुकूम निष्प्रभ होतो. ६२० कोटींतलं एक अक्षर चुकलं आणि एक खर्व पेशी मरायचं विसरल्या. उरलेल्या साठ टक्के रुग्णांत हा बिघाड सापडला नव्हता, म्हणून तो नसल्याने निदान खोटं ठरत नाही. सापडला तर मात्र पारडं जड होतं.

सहा महिने

इतके पुरावे जमले तरी एक चूक घडू शकते. वय वाढतं तसं निरोगी माणसांच्या रक्तातही टी-पेशींचे मोठे क्लोन सापडू लागतात. नव्या टी-पेशी घडवणारी थायमस ग्रंथी तारुण्यानंतर आक्रसत जाते. सायटोमेगालो विषाणू बहुतेकांच्या अंगात जन्मभर दडून असतो आणि त्याच्यावर पहारा ठेवणारं पथक वर्षानुवर्षं फुगत जातं. सत्तरीच्या आजोबांच्या रक्तात एकाच वंशाचा सुळका दिसला, म्हणून त्यांना ल्युकेमिया आहे असं म्हणता येत नाही. विविधता कमी होणं हा म्हातारपणाचाही गुण आहे.

म्हणून निदानाला काळाची अट आहे: सहा महिन्यांहून अधिक टिकायला हवं. विषाणूने चेतवलेली वाढ तोवर ओसरते. आणि दुसरी अट म्हणजे त्याने काहीतरी बिघडवलेलं असावं: न्यूट्रोफिल घटणं, रक्त कमी होणं, प्लीहा वाढणं. किती पेशी, किती एकसारख्या, किती काळ आणि किती नुकसान, ही चारही उत्तरं एका दिशेला गेली तरच निदान. एकटं कुठलंच उत्तर पुरत नाही.

पन्नास लाखांत एक

हा आजार दुर्मिळ तरी किती? अमेरिकेतल्या कर्करोग नोंदींवरून दहा लाख लोकांमागे वर्षाला ०.२ रुग्ण, म्हणजे पन्नास लाखांत एक. नेदरलँड्समध्ये २००१ ते २०१३ या तेरा वर्षांत सगळ्या देशात मिळून १८४ रुग्ण नोंदले गेले. तिथला दर निघाला दहा लाखांमागे ०.७२. दोन्ही देश श्रीमंत, दोन्हीकडे नोंदी चोख, तरी फरक साडेतीन पटींहून अधिक. एवढ्या फरकात रोगाचा वाटा किती आणि शोधण्याचा किती, असा प्रश्न पडतोच. फ्लो सायटोमेट्री मागवली, तरच हा आजार दिसतो.

हेच दर महाराष्ट्राच्या २०११ मधल्या ११ कोटी २४ लाख लोकसंख्येला लावले, तर वर्षाला २२ ते ८१ नवे रुग्ण येतात. आजार मुख्यतः साठीच्या आसपासचा आणि आपली लोकसंख्या तरुण, त्यामुळे खरा आकडा याहून लहान असू शकतो. तरीही हे मूठभर रुग्ण कुठे दडतात, ते पाहण्यासारखं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. जिथे निम्म्याहून अधिक बायकांचं हिमोग्लोबिन कमी, तिथे हिमोग्लोबिन कमी आहे म्हणून दुर्मिळ ल्युकेमिया कोण शोधेल? लोहाच्या गोळ्या सुरू होतात, उतार पडत नाही, गोळ्या बदलतात. आणि आशियाई रुग्णांत हा आजार अस्थिमज्जेतलं तांबड्या पेशींचं उत्पादनच बंद पाडतो, असं पाश्चात्त्य रुग्णांपेक्षा अधिक वेळा आढळलं आहे. लपायला याहून सोयीची जागा नाही.

दुसरी लपण्याची जागा सांध्यांत. पाश्चात्त्य देशांत टी-एलजीएलच्या दहा टक्क्यांहून अधिक रुग्णांना आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस असतो. काही पाहण्यांत हे प्रमाण एक तृतीयांशापर्यंत जातं. आमवात हजारात पाच-दहा जणांना होणारा, ओळखीचा आजार. आमवात, न्यूट्रोफिल कमी, प्लीहा वाढलेली, हे तिन्ही एकत्र आलं की त्याला फेल्टी सिंड्रोम म्हणतात, आणि रक्तातल्या वंशाची चौकशी झाली नाही तर हा ल्युकेमिया त्या नावाखाली खपून जातो.

माणसात पन्नास लाखांत एक असणाऱ्या या आजारासारखाच एक आजार एका प्राण्यात घरोघरचा आहे. फिशर ३४४ जातीचे प्रयोगशाळेतले उंदीर म्हातारे झाले की त्यांना दाणेदार लिम्फोसाइटचा ल्युकेमिया इतक्या सर्रास होतो की काही अभ्यासांत नरांमधलं प्रमाण निम्म्यावर गेलं. एखाद्या रसायनाने कर्करोग होतो का, हे तपासताना अर्धे उंदीर काहीही न देताच आजारी पडू लागले, तर तुलना कशाशी करायची? अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाने ही जात पुढे बाजूला ठेवली, त्याचं हे एक कारण.

आठवड्यातून एकदा

निदान एकदा झालं की आकडे दिलासा द्यायला लागतात. टी-प्रोलिंफोसाइटिक ल्युकेमियात आयुष्य बहुधा वर्षा-दोन वर्षांचं. टी-एलजीएलमध्ये मोठ्या पाहण्यांत दहा वर्षांनीही सुमारे सत्तर टक्के रुग्ण हयात आढळले आहेत. न्यूट्रोफिल ठीक असतील आणि रक्त द्यावं लागत नसेल, तर पुष्कळांना लगेच उपचारही लागत नाहीत. ठरावीक मुदतीने रक्त तपासत राहायचं.

उपचार लागलेच तर बहुधा मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या, शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला दहा मिलिग्रॅम या मानाने, आठवड्यातून एकदाच. रोज नाही. ही गोळी चुकून रोज घेतली गेली, तर ती जिवावर बेतते. आमवाताला दिली जाते तीच ही गोळी. लॉफरन यांनी १९९४ मध्ये दहा रुग्णांना ती दिली, त्यातल्या पाच जणांचा आजार पूर्ण आटोक्यात आला. याशिवाय सायक्लोफॉस्फामाइड आणि सायक्लोस्पोरिन हे पर्याय आहेत. गुण येतो की नाही, हे ठरवायला चार महिने थांबतात. क्लोन मुळासकट उपटणं हे उपचारांचं पहिलं उद्दिष्ट नसतं. न्यूट्रोफिल ५०० च्या वर येऊन राहिल्या, रक्त चढवावं लागेना झालं, तर रक्तात क्लोन उरला असला तरी रुग्णाचं बरं चाललेलं असतं.

या सगळ्या तपासण्यांत एक उणीव राहते. फ्लो सायटोमीटर लाख पेशी पाहतो, पीसीआर वंश सांगतो, डीएनए एका अक्षराची चूक दाखवतो. पण ते सगळे बोलतात ते आज काढलेल्या रक्ताबद्दल. केव्हापासून, हे त्यांतलं कुणीच सांगू शकत नाही, आणि निदानाची काळाची अट तर त्याच प्रश्नावर उभी आहे. तीन वर्षांपूर्वी दाताच्या ऑपरेशनआधी काढलेला सीबीसी, विम्यासाठी केलेली तपासणी, डेंग्यूच्या संशयाने केलेली मोजणी, या सगळ्यांवर न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइटचे आकडे तारखेसकट छापलेले असतात. ते कागद फायलीत जपून ठेवलेले असतील, तर ज्या उत्तरासाठी सहा महिने थांबावं लागलं असतं, ते डॉक्टरांच्या टेबलावर पाच मिनिटांत मिळू शकतं.